दार तीन : रिकामा

ही गोष्ट खरी आहे. पटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण भावोजींचा उजवा हात मी पाहिलाय... म्हणजे तो जिथं असायला हवा, ती जागा पाहिलीय. त्यामुळे मला तरी ही गोष्ट खोटी म्हणता येत नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होते.

वार रविवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन, कारखान्याला सुट्टी.

भुतं रात्रीच भेटतात असं समजून दिवसा निर्धास्त फिरणाऱ्यांनी ही वेळ लक्षात ठेवावी.

मी तिथं नव्हतो. भावोजींनी ताईला सांगितलं, ताईनं मला. शेवटचं तेवढं माझं स्वतःचं आहे.

स्कॅन. दार ३. वाचलं : रिकामा

आधी काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिथं धुवायला येई. वाळवायला चार ड्रायर. एकेक ड्रम एवढा, की माणूस वाकून आत उभा राहील. आतून भोकाभोकांचा पत्रा आणि त्यावर उभी चार पाती. ओल्या चादरी कधीकधी पात्यांना पीळ घालून बसत, दोरखंडासारख्या. मग कुणीतरी कटर घेऊन आत शिरायचं आणि पीळ कापून काढायचा.

हा कुणीतरी म्हणजे काडी.

अंगानं काडी, म्हणून नाव काडी. खरं नाव हजेरीपटात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं.

"जप रे काडी, एक दिवस पेटशील आत," घडी घालणाऱ्या बायका म्हणायच्या.

"पेटलो तर तुमच्या चादरी तरी लवकर वाळतील," काडी म्हणायचा.

प्रत्येक ड्रायरच्या दाराला नाण्याएवढा पांढरा स्टिकर होता. आत एनएफसीची चिप. त्याला सगळे टॅग म्हणत. वेगळं ॲप वगैरे काही नाही. मालकांनी एक वेबपेज करून घेतलं होतं, ते फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायचं. 'स्कॅन' दाबायचं आणि फोनची पाठ टॅगला टेकवायची. टिक्... फोन थरथरतो आणि टॅगमध्ये लिहिलेलं पडद्यावर येतं. ड्रममध्ये शिरायचं असेल तर 'लिहा' दाबून 'आत' आणि आपलं नाव लिहायचं, फोन पुन्हा टेकवायचा. बाहेर आलं की 'रिकामा' लिहायचं.

काडी हे कधीच विसरला नाही. लिहायचा, पुन्हा वाचून बघायचा, मोठ्यानं म्हणायचा, "आत काडी." मग दारावर तीन टिचक्या मारून शिरायचा.

टक. टक. टक.

बाहेर आल्यावर पुन्हा तीन.

ड्रायर चालू करायची बटणं एका बाईकडे, तिला सगळे मावशी म्हणत. वय साठीला टेकलेलं, गुडघे गेलेले. बटण दाबण्याआधी तिनं उठायचं, कपडे वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्याला वळसा घालून त्या त्या दारापर्यंत जायचं, टॅग वाचायचा, परत यायचं, मगच बटण. दिवसातून साठ-सत्तर खेपा.

भावोजींना तिची दया आली. इथंच सगळं बिनसलं.

त्यांनी चार कोरे टॅग आणले. दारावरचे टॅग वाचले, त्यातला मजकूर जसाच्या तसा कोऱ्या टॅगांवर उतरवला, ते एका लाकडी फळीवर ओळीनं चिकटवले आणि फळी मावशीच्या टेबलाशी ठोकली.

"मावशी, आता बसल्या जागी वाचा."

"अरे, पण हे तेच दाखवेल ना?"

"तेच. बघा की." त्यांनी तीन नंबरचं दार वाचलं, रिकामा. फळीवरचा तीन नंबर वाचला, रिकामा.

"देव तुझं भलं करो," मावशी म्हणाली.

भावोजींचा समज असा की टॅग म्हणजे नुसता घराचा नंबर, मजकूर सगळा त्या वेबपेजकडे असणार. पाटी दोन ठिकाणी लावली तरी घर एकच. पण टॅगमध्ये लिहिलेलं त्या टॅगमध्येच राहतं. दारावर कुणी काय लिहिलं, याचा फळीला पत्ताही नसतो.

नऊ दिवस पीळ बसला नाही. म्हणून चूक नऊ दिवस गप्प बसली.

स्कॅन. फळी ३. वाचलं : रिकामा

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, तीन नंबरमध्ये पीळ बसला.

काडीनं दारावर लिहिलं. वाचून बघितलं. टिचक्या मारल्या. पट्ट्याच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. तो आत शिरला आणि ऊब टिकावी म्हणून दार नेहमीसारखं ओढून घेतलं.

मावशीनं फळीला फोन टेकवला. रिकामा.

तिनं बटण दाबलं.

ठप्...

ठप्...

ठप्...

"चादरीत बूट राहिलेत का रे कुणाचे?" मावशी ओरडली.

भावोजी मागच्या बाजूला पंप उघडून बसले होते. आवाज ऐकून ते धावत पुढं आले तेव्हा तीन नंबरची काच आतून लाल झाली होती.

सत्तर सेकंद. मावशीनं बंद केलं तेव्हा मशीनवर आकडा तसाच थांबला होता.

दार भावोजींनी उघडलं. काडी बाहेर आला नाही. काडीचं बरंचसं पात्यांनाच राहिलं होतं. एक पाय मांडीतून उलटा फिरून चादरीच्या पिळात गेला होता. चादर कुठली आणि तो कुठला, हे कटर घेऊन ठरवावं लागलं. कटर त्याचाच होता... त्याच्याच गळ्यातून काढलेला.

त्या गोंधळात भावोजींनी एकच काम शांत डोक्यानं केलं. फळी उपटली, शर्टाखाली घातली, घरी नेली, आणि कपाटावर बॅगेच्या मागे टाकली.

टेबलाशी खिळ्यांची चार भोकं तेवढी राहिली.

"फळीवर रिकामा होता हो," मावशी पोलिसांना सांगत राहिली.

"कुठली फळी?"

बाकीच्यांनी मान खाली घातली. फिटरशी वाकडं कोण घेणार? सगळ्यांनाच घरं होती.

स्कॅन. दार ३. वाचलं : आत काडी

मावशीला रोज सकाळी चौकीत बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे. शनिवारी तिनं भावोजींना फोन केला.

"फिटर, तू सांग ना रे त्यांना. मला चळ लागलाय म्हणतात."

"सांगतो, मावशी."

"कधी सांगशील?"

"सोमवारी पोलिसांचे मोठे साहेब येणारेत, दारावरचा टॅग वाचायला. तेव्हा सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

पण रात्रभर विचार करून त्यांनी वेगळाच मार्ग काढला. दारावरचा टॅग 'आत काडी' म्हणत होता. तो तसाच राहिला तर मावशीनं न वाचता बटण दाबलं, असं ठरणार. खरं सांगितलं तर भावोजी अडकणार. पण दारावरच 'रिकामा' लिहून ठेवलं तर?

तर मावशीनं वाचलं ते बरोबर. फळीचं नाव निघायला नको. काडीच लिहायला विसरला.

मावशी सुटली, आपण सुटलो. मेलेल्याला काय, त्याला कुठं चौकीत जायचंय.

तर रविवार. दोन वाजून दहा मिनिटं.

"फिटर, आज कुठं?" गेटवर वॉचमननं विचारलं. रेडिओ चालू होता.

"तीन नंबरची वायरिंग बघायचीय. उद्या साहेब येणारेत."

"बघा बुवा. मी नाही येत आत. गुरुवारपासून मी हात धुवायलासुद्धा आत जात नाही."

आत गेल्यावर भावोजींनी पहिलं काम केलं ते मेन स्विच खाली ओढायचं. त्याला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली पँटच्या खिशात टाकली. जुनी सवय. मशीनला हात लावायचा तर आधी वीज मारायची.

हॉलमध्ये उजेड भरपूर होता. वरच्या काचांतून ऊन पडलेलं. चादरींच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या. पट्टा थांबलेला. तो थांबल्यावर हॉल इतका शांत असतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

वास मात्र गेला नव्हता.

त्यांनी फोन काढला, ब्राउझरमध्ये ते पेज उघडलं, टॅगला फोन टेकवला. टिक्.

*आत काडी*

'लिहा' दाबलं. *रिकामा.* फोन टेकवला. पेजवर आलं, *लिहिलं.*

खात्री करावी म्हणून पुन्हा वाचलं. टिक्.

*आत काडी*

पत्र्यामुळे होतं असं कधीकधी. त्यांनी दाराचा तो भाग रुमालानं पुसला आणि पुन्हा लिहिलं. *लिहिलं.* पुन्हा वाचलं. टिक्.

*आत काडी. गरम होतंय*

भावोजींनी फोन खाली घेतला.

मागं बघितलं. कुणी नव्हतं. ट्रॉल्या तशाच.

कुणीतरी आधीच लिहून ठेवलं असेल, आपणच नीट वाचलं नसेल... अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्यांदा लिहिलं. *लिहिलं.* वाचलं. टिक्.

*आत काडी. लिहिलं होतं. वाचून बघितलं होतं. टिचक्या मारल्या होत्या. मावशी उठली नाही. ती का उठली नाही फिटर. ती का उठली नाही. ती का उठली नाही. ती का उठली नाही*

या टॅगमध्ये जेमतेम चाळीस अक्षरं मावतात. हे भावोजींना ठाऊक होतं. असे टॅग आणून त्यांनी स्वतःच्या हातानं भरले होते.

ते मोजायला थांबले नाहीत.

त्या पेजवर सगळ्यात खाली आणखी एक बटण होतं. 'कायमचं बंद करा.' हे दाबून फोन टेकवला की टॅगला कुलूप लागतं. मग त्यातलं एक अक्षरही कुणाला बदलता येत नाही. मालकाला नाही, फिटरला नाही, कुणालाच नाही. ते बटण आजवर कुणी वापरलं नव्हतं.

भावोजींनी *रिकामा* लिहिलं आणि हात न उचलता, त्याच दमात, कुलूप घातलं.

*बंद झालं. आता बदल करता येणार नाही.*

वाचलं. टिक्.

*रिकामा*

पुन्हा वाचलं. *रिकामा.* आणखी एकदा. *रिकामा.*

ते हसले. हे त्यांनीच ताईला सांगितलं. "मी हसलो गं," म्हणाले.

आणि तेवढ्यात...

टक.

टक.

टक.

आतून.

त्यांनी काचेतून बघितलं. ड्रम धुऊन काढला होता, पत्रा चकचकीत होता. आत कुणीच नव्हतं. फक्त वरच्या पात्याला चादरीची एक चिंधी लोंबत होती. वीतभर, तपकिरी डागाची.

उद्या साहेब येणार. ही चिंधी राहिली कशी?

भीती होती, पण फिटरची नजर चिंधीवर अडकली. त्यांनी दार उघडलं. वीज मेली होती. किल्ली खिशात होती. भावोजींनी फोन डाव्या हातात घेतला आणि उजवा हात आत घातला.

चिंधी मनगटाला लागली.

लागली... आणि वळली.

ड्रम फिरला.

एक.

चिंधीच्या जागी दोरखंड होता. मनगट मागं वळलं, हाड आतल्या आत मोडल्याचा बारीक आवाज झाला. दार धाडकन येऊन खांद्यावर आपटलं. त्यांचा गाल काचेवर चेपला.

दोन.

कोपर उलटं गेलं. त्वचा कोपरापासून मोज्यासारखी सुटली. पत्रा तापला होता. वीज नसताना तापला होता. मांसाचा चर्र आवाज आला, आणि गुरुवारचाच वास.

तीन.

ते ओरडत होते. गेटवर रेडिओ चालू होता.

डाव्या हातातला फोन थरथरला. टिक्. टॅगपासून तो हातभर लांब होता. जवळ वाचण्यासारखं काही नव्हतं. तरी पडद्यावर आलं,

*खरं लिही*

चार.

भावोजींनी डाव्या अंगठ्यानं 'लिहा' दाबलं. रक्तानं फोनची काच ओली, अक्षरं चुकत होती. *आत काडी होता.* फोन कसाबसा दाराला टेकवला.

*टॅग बंद आहे. बदल करता येणार नाही.*

पाच.

*नक्कल मी केली.* टेकवला.

*टॅग बंद आहे. बदल करता येणार नाही.*

सहा.

खांदा सांध्यातून निघाला. तो निघताना एक ओला आवाज झाला. तो आवाज ते ताईला सांगू शकले नाहीत, त्यांनी नुसती जीभ टाळ्याला लावून दाखवली.

*टॅग बंद आहे.*

सात.

मग त्यांनी फोन टाकला आणि छातीत उरला होता तेवढा सगळा श्वास लावून ओरडले, "फळी मी लावली. नक्कल मी केली. काडीनं लिहिलं होतं. मावशीनं वाचलं होतं. फळी माझ्या घरी कपाटावर आहे."

ड्रम थांबला.

दार हळूच उघडलं... कुणीतरी आतून ढकलावं तसं.

भावोजी मागं पडले. हात बरोबर आला नाही.

वॉचमन धावत आला. रेडिओ चालू असताना त्याला भावोजींचं सगळं वाक्य गेटवर ऐकू आलं होतं, शब्द न् शब्द. आधीच्या किंकाळ्या मात्र एकही नाही.

मेन स्विच खाली होता. त्यावर कुलूप होतं. किल्ली भावोजींच्या खिशात होती.

डॉक्टर म्हणाले, खांद्यापाशी उरलेल्या कातडीवर गोल गोल भाजल्याच्या खुणा आहेत, रांगेनं, पत्र्याच्या भोकांसारख्या. असं भाजायला मशीन निदान अर्धा तास तापलेलं लागतं. कोण चालवत होतं?



स्कॅन. दार ३. वाचलं : रिकामा. बदल करता येणार नाही

सोमवारी साहेबांनी दारावरचा टॅग वाचला. रिकामा. मग ते हॉस्पिटलात आले. भावोजींनी सगळं सांगितलं. तो 'रिकामा' आपणच लिहिला, हेही सांगितलं. ताईनं कपाटावरची फळी काढून दिली. मावशीला चौकीतून कायमचं सोडलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी ती भेटायला आली. निघताना म्हणाली, "गुडघे माझे दुखत होते रे. मी काही म्हटलं होतं का तुला?"

"नाही, मावशी."

"मग?"

ती भिंतीला धरून धरून जिना उतरली. ताई हात द्यायला गेली, तो तिनं घेतला नाही.

काडीचं नाव कागदावर साफ झालं. पण त्यानं शेवटचं जे लिहिलं होतं, ते आता कुठंच नाही. दारावर 'रिकामा' आहे. ते आता कुणालाच बदलता येत नाही.

आता माझं.

गेल्या महिन्यात मी ताईकडं गेलो होतो. दुपारची वेळ. ताई आत कपडे वाळत घालत होती, दोरीवरच... ते घर आता मशीन वापरत नाही. भावोजी खुर्चीत बसले होते. शर्टाची उजवी बाही खाली लोंबत होती, पिन न लावलेली.

"तुझ्या फोनमध्ये ते एनएफसी आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"आहे. का?"

"ते पेज उघड."

मी उघडलं. ब्राउझरनं परवानगी विचारली, दिली. 'स्कॅन' दाबलं.

"आता इथं धर," म्हणाले आणि डाव्या हाताच्या बोटानं बाहीकडं खूण केली. खांद्याकडं नाही. खाली. मनगट असायला हवं तिथं.

मला वाटलं, चेष्टा करतायत. किंवा बाहीत टॅग शिवला असेल. म्हणून मी आधी बाही चाचपली. पार वरपर्यंत. नुसतं कापड. कोमट.

मी फोन धरला.

टिक्.

*आत काडी*

मी हात मागं घेतला. भावोजी माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा घाबरलेला नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"तुम्ही... पुसून नाही का बघितलं? 'रिकामा' लिहून?"

"नाही."

"का?"

"दारावर एकदा लिहिलं होतं ना," ते म्हणाले. "मग इथून तो कुठं जाणार?"

आतून ताईनं विचारलं, "दार कोण वाजवतंय रे? बघ जरा."

दार उघडंच होतं. बाहेर कुणी नव्हतं.

मी भावोजींकडं बघितलं. त्यांचा डावा हात मांडीवर स्थिर होता. उजवी बाही खुर्चीच्या लाकडी पायाशी लोंबत होती... आणि हलत होती. वारा नव्हता. बाहीचं टोक पायाला लागत होतं. कापड लाकडावर आपटलं तर आवाज येत नाही.

आवाज येत होता.

टक.

टक.

मी तिसऱ्यासाठी थांबलो नाही. चप्पल हातात घेऊनच जिना उतरलो. फोनमधलं एनएफसी मी तेव्हाच बंद केलं, ते आजही बंद आहे.

तरीही परवा दुपारी ऑफिसात, फोन वरच्या खिशात असताना, तो एकदा थरथरला. अगदी बारीक.

टिक्.

मी अजून काढून बघितलेला नाही, काय वाचलं ते.